लेकीबद्दल सांगा

१९९८ साली बंगळुरात, ऑस्ट्रेलियाला जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या तोंडी परीक्षेला मैत्रेयी एकटीच आली होती. एरवी तिच्या प्रत्येक परीक्षेला बाबा बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. ते जाऊन महिनाही झाला नव्हता. आज त्या बाकावर तिच्या शेजारी एक चिनी आचारी आणि त्याची लेक होती. सराव व्हावा म्हणून घरची चिनी सोडून दोघं इंग्रजीतच बोलत होती.

“पप्पा, तुमच्या मुलीबद्दल सांगा.”

“एक मुलगी आहे. साधीच आहे.”

“पुढे?”

“पुढे काही नाही.”

“एवढ्यावर पास करतील? मग मी मेलबर्नला आणि तुम्ही इथेच नूडल्स परतत बसा!”

“आपल्यात पोरांचं कौतुक बापाने करायचं नसतं, मेई. लोकांनी करायचं.”

“मी डॉक्टर झाले, एवढं तरी सांगा.”

“फुशारकी वाटेल.”

“वाटू दे! त्यांना तुमचं इंग्रजी ऐकायचंय, संस्कार नाहीत.”

“मिस्टर लियाओ!” आतून हाक आली.

“पप्पा, गप्प बसू नका हं. मी इथेच आहे.”

दार लागलं. मैत्रेयीने सरकून मेईला पंख्याखालची जागा दिली. बऱ्याच वेळाने लियाओ कपाळ पुसत बाहेर आला.

“काय विचारलं?”

“घरच्यांबद्दल.”

“आणि तुम्ही गप्प?”

“बाई दोनदा म्हणाल्या, थँक्यू, वेळ संपली.”

“मग?”

“मी म्हटलं, थांबा मॅडम, माझी मुलगी आत्ता कुठे शाळेत गेलीय. अजून डॉक्टर व्हायचीय.”