चिमणीची पट्टी

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका. ज्यांनी आपल्यावर प्रेम केले, त्यांच्यासाठी माणसाने जन्मभर त्यांच्या आवडीचेच होऊन राहावे काय? तुम्ही म्हणाल, बुवा, प्रेम करणाऱ्याचे मन मोडू नये! मान्य. परंतु ते प्रेम नेमके कोणावर होते, हे आधी तपासा — मग बोला!

वत्सला किरपेकर नावाची एक नटी. कोवळ्या वयात एका चित्रपटात ‘चिमणी’ झाली. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि झोक्यावरचे एक गाणे — काळी पाचच्या उंच पट्टीतले! गावोगाव मुलींनी लाल रिबिनी बांधल्या. मुलींचे सोडा हो, एका गृहस्थाने म्हशीच्या शिंगाला बांधली!

हसलात? ती मात्र थकली होती.

वय वाढले, आवाज खाली उतरला, भरला. तिने आईच्या भूमिका केल्या, विधवेची केली. लोक म्हणत, “छान! पण चिमणीचं गाणं कधी?” चाळिशी उलटली, तरी प्रत्येक उत्सवात त्याच रिबिनी, तीच पट्टी. शेवटी डॉक्टरांनी बजावले, “बाई, असाच ताणलात तर आवाज कायमचा जाईल.”

आणि तरीही, मंडळी, ती पुढच्या उत्सवाला गेली! का? न गेले तर लोक विसरतील, ही धास्ती! मांडवामागे आरशासमोर बसली. एक वेणी झाली. दुसरीसाठी हात उचलेना.

“वत्सलाताई, आटपा! लोक खोळंबलेत,” कार्यवाह म्हणाले.

तिने घातलेली वेणी सोडली, अंबाडा बांधला आणि मंचावर आली. पेटीवर भास्करकाका, त्यांचे बोट सवयीनेच काळी पाचवर गेले.

“काका, काळी तीन द्या.”

“अगं, लोक उठून जातील!”

“जाऊ देत. मला उद्याही गायचंय, काका.”

गाणे सुरू झाले, संथ आणि खालून. “वर! चिमणे, वर!” मागून कोणी ओरडले. दुसरा म्हणाला, “म्हातारी झाली बाई!” सतरंज्या रिकाम्या होऊ लागल्या. ती थांबली नाही. पुढे एक बाई बसली होती, केस पिकलेले. लहानपणी तिनेही रिबिनी बांधल्या असतील. तिने पदर डोळ्यांना लावला, आणि गाणे संपले तरी टाळी वाजवायला तिला सुचले नाही.

पुढच्या वर्षी वत्सलेला बोलावणे आले नाही. खोटे कशाला सांगू? पण ती आजही गाते. घरी; कधी दहा माणसांपुढे. काळी तीनमध्ये.

आता तुमचे सांगा! घरी तुमचीही एखादी चिमणी असेल — बायको, बहीण, लेक. तिचा आवाज कधीच बदलला, तुम्ही मात्र अजून “वर! वर!” ओरडता आहात. जरा बसा तिच्यापाशी. आज ती जशी आहे, तशी ऐका.

पेटीवाले, भजनाला पट्टी उतरवा. मीही दमलो आहे.