जित्या माणसावरचं रडणं

माझं म्हायेर वांगणीचं, जव्हारच्या बाजूला, आन् मला दिली इकडं सूर्यमाळला, मोखाड्यात. वांगणीला माझी आय, काशी, रडण्यात मोठी व्हती. आता तुम्ही हसाल ताई, पण रडण्यातबी मोठं असतंय. कुणाकडं मयत झालं की माणूस धावत यायचा, काशीला पाठवा, आमच्या बायांना शब्द फुटत नाय. मंग आय जायची, मयताच्या उशाशी बसायची आन् हेल काढून त्याचं सगळं जगणं बोलायची, त्यानं कुठला माळ फोडला, कुठल्या भट्टीवर विटा थापल्या, पोरीला खांद्यावर घेऊन कुठवर चालला, सगळं. आईकणारा गडीमाणूससुदा तोंड फिरवून डोळे पुसायचा. ते मी तिच्या बाजूला बसून शिकले. लगीन होऊन आले तवा सूर्यमाळला असं रडणारं कुणी नव्हतं, मंग मीच झाले. पार पोशेऱ्यावरून मला बोलावणं येतं.

आन् ही मंजुळा, माझी धाकटी जाव. एकाच ओट्यावर आमच्या दोघींच्या चुली. पाणी आणंल, नागली पाखडंल, पण तोंडातून चार शब्द जोडून निघतील तर शपथ. वाईट नाय हो, मी कुठं म्हणते वाईट हाय.

तर सिनेमावाले आले. त्यांच्या गोष्टीत घरातला म्हातारा मरतो आन् दोन सुना त्याच्यावर रडतात. म्हातारा म्हणून त्यांना आमचा सासरा आवडला, लहानूबाबा, त्याचा चेहरा बघून डायरेक्टर खूश झाला, आन् सुना म्हणून आम्ही दोघी. मला तर सगळ्यांनी सांगितलंच व्हतं की पारूबाय रडणार म्हंजे काय बघायलाच नको. बाबाला अंगणात घोंगडीवर निजवला, वरून पांढरी चादर. आन् तिथंच खरी अडचण. काय सांगू तुम्हाला, आमच्यात जित्या माणसावर हेल काढत नायत. ते रडणं त्याला घेऊन जातं म्हणतात. मी चादर बाजूला केली आन् बाबालाच इचारलं, बाबा, काय करू? तो म्हणाला रड गं, तुझ्या रडण्यानं मी मरायचा असतो तर तू आलीस त्याच साली मेलो असतो.

मंग मी रडले. ताई, असं रडले की ते कॅमेरावाले थांबले. बाबाचं सगळं जगणं काढलं, भिवंडीच्या भट्टीवर सेठ मारायला आला तर हा मधे उभा राहिला ते, माझी पोर तापली तवा मोखाड्यापर्यंत उचलून नेली ते. मंजुळाला डायरेक्टर सांगतोय, तुम्हीपण रडा, तुम्हीपण. ही काय करते, बाजूचं सूप उचलते आन् नागली पाखडत बसते. मान खाली. तो वरडतोय रडा रडा, ही पाखडतेय. मला वाटलं आता हिला हाकलतो. तर तो हळूच म्हणाला, असंच राहू द्या, असंच.

शूटिंग झालं आन् बाबाला ताप भरला. अख्खा पाडा माझ्यावर. जिता माणूस खाल्लास म्हणाले. भगत बोलावला, नारळ फोडला, बाबा उठला, पण बाया पाण्यावर माझ्या बाजूला हांडा ठेवीनात. मी मनात म्हटलं ठेवू नका, सिनेमा येऊ द्या, मंग बघा.

सिनेमा आला. शाळेत पडदा लावून दाखवला. माझं रडणं दोन श्वास आईकू आलं आन् मंग कापून टाकलं, वाजंत्री लावली, आन् पडद्यावर नुसती मंजुळा आन् तिचं सूप. कोंडा उडतोय आन् ही गप. मुंबईला तिला बक्षीस मिळालं, अभिनयाचं. माझ्या पोरीनं मोबाईलवर दाखवलं, ही स्टेजवर गेली, तिथंबी एक शब्द बोलली नाय, तर माणसं उभी राहून टाळ्या वाजवतायत. मंग मोबाईलवर भांडणं लागली. एक म्हणतोय जी बोललीच नाय तिला बक्षीस कसं, दुसरा म्हणतोय सिनेमात मुंबईची हिरोईन व्हती तिच्यावर अन्याय झाला. मी पोरीला म्हटलं वाच, सगळं वाच. त्या भांडणातबी माझं नाव नाय.

मी मंजुळाला इचारलं, सूप घेतलंस तवा काय मनात व्हतं गं? ती म्हणाली, काय नाय बाय, बाबा जिते हायत, मी कशी रडू, म्हणून मी नाय रडले. आईकलंत? ती अभिनय करतच नव्हती. ती नाय म्हणत व्हती. एक पेपरवाला आला तवा मी हे त्याला सगळं सांगितलं. तो हसला, आन् छापून काय आलं तर मंजुळाबाई किती साध्या हायत. त्या दिवशी मला भाकर गोड लागली नाय. जळते मी ताई, उगाच कशाला खोटं बोलू. ती ट्रॉफी तिनं देवाच्या बाजूला ठेवलीय, वर फडकं टाकून. ओटा झाडताना मला दिसते. फडकं असलं तरी दिसते.

आता बाबा थकलाय. खाटंवरून उठत नाय. परवा मंजुळा माझ्या चुलीपाशी येऊन बसली आन् म्हणाली, बाय, बाबा गेले तर लोक मलाच बघायला येतील, मोबाईल घेऊन येतील, बक्षीसवाली कशी रडते बघू म्हणतील, मला येत नाय, मला शिकव. मी म्हटलं, सूप घे. लागलं तिला. लागू दे म्हटलं, मला किती दिवस लागलंय.

बाबानं ते आईकलं खाटंवरून. मला हाक मारली. म्हणाला, पारू, त्या दिवशी चादरीखाली मी सगळं आईकत व्हतो. भट्टीवरचं तुझ्या ध्यानात व्हतं, मला वाटलं कुणाच्याच नसंल. मेल्यावर माणसाला काय आईकायला मिळतं? मला जितेपणी मिळालं. मंग म्हणाला, तेवढं एकदा परत म्हण की.

मी नाय म्हटलं. एकदा पाड्यानं मला पाण्यावरून उठवलंय, परत नाय. आन् खरं सांगू का, ते मी राखून ठेवलंय. मंजुळाला शिकवलं नाय आन् शिकवणार नाय. बाबा जाईल त्या दिवशी उशाशी मी बसंन, मधनं कापायला कुणी नसंल, आन् ही सूर्यमाळ शेवटपर्यंत आईकंल. पण देव करो आन् म्हातारा लई वर्षं जगो ताई. रोज सकाळी त्याला पेज पाजताना मी हेच मागते. मला काय घाई नाय.