बॅटरीच्या खोलीची खिडकी

मंडळी, एवढ्या पावसात भाईसाठी तुम्ही सगळे आलात. शाळेची ही खोली अपुरी पडली आहे. मला बोलायला सांगितलं, कारण ऑफिसात माझं टेबल भाईच्या शेजारी आणि वाडीत माझं घरही त्याच्या शेजारी. पण मला बोलता येत नाही. आज तर अजिबात येत नाही.

भाई, म्हणजे आपला जनार्दन, टेलिफोन ऑफिसातली बॅटरीची खोली सांभाळायचा. ॲसिडने भरलेले ते मोठे काचेचे सेल. मुंबईहून बोटीने आले, तेव्हा बंदरापासून तो बैलगाडीबरोबर चालत आला होता. हमालांना सांगत होता, "आडवे करू नकात रे. बाळाक धरतास तसे धरा."

त्या खोलीत विडी नाही, कंदील नाही. दसऱ्याला निरांजनसुद्धा उंबऱ्याबाहेर. चार्जिंग चालू असताना सेलांतून वायू निघतो, ठिणगी पडली की पेट घेतो, हे त्याने आम्हा प्रत्येकाला सांगितलं होतं. दाराशी पाण्याची बादली, ॲसिड सांडलं तर टाकायला सोड्याचा डबा. आम्ही चिडवायचो, "भाई, सोवळ्यातलो भट झालंस काय रे?" तो म्हणायचा, "भटाची चूक देव माफ करता. ॲसिड करणा नाय."

पावसाआधी, पाणी आत येऊ नये म्हणून आपण घरोघर खिडक्यांना झावळ्यांची झड बांधतो. ऑफिसलाही बांधतो. पण बॅटरीच्या खोलीला भाई कधी बांधू द्यायचा नाही. "हय झड नको. मी भिजलंय तरी चलात. सेलांका वारो होयो."

यंदा झड बांधली तेव्हा भाई धामापूरला भगवतीच्या दर्शनाला गेला होता. ती खिडकीही झाकली गेली. वाऱ्याने सुटू नये म्हणून सुंभाऐवजी तारेने, आतून गजांना पीळ देऊन. चांगल्या मनाने बांधली.

तो परत आला. दार उघडताच उग्र वास आला. त्याने चार्जिंगचं इंजिन बंद करायला लावलं, आम्हा सगळ्यांना अंगणात काढलं. मी म्हटलं, "भाई, थोडा थांब." तो म्हणाला, "वारो येवंदे, मगे थांबतंय." आणि पक्कड घेऊन आत गेला. तार तुटली. खिडकीखालीच सेलांची रांग होती. तार त्यांच्यावर पडली, ठिणगी उडाली.

पुढचं मी सांगत नाही. तुम्ही आवाज ऐकला आहे.

मला एकच सांगायचं आहे. भाई रोज घरी आला की त्याची धाकटी मुलगी, बाय, हात वर करून धावत यायची. तो पायरीवरच तिला अडवायचा. "थंयच रव गो बाय. कपड्यांक ॲसिड आसा. आधी न्हातंय." विहिरीवर आंघोळ व्हायची, कपडे बदलायचे, मग तो तिला उचलायचा. रोज. एक दिवस चुकला नाही.

परवा त्याला घरी आणला. सगळे रडत होते. बाय पायरीवर उभी राहिली. जवळ येईना. कुणीतरी म्हणालं, घाबरली. घाबरली नव्हती. मग अंगणात त्याला शेवटची आंघोळ घातली, नवं वस्त्र घातलं. तेव्हा ती मला हळूच म्हणाली, "काका, बाबा न्हाले?"

मी म्हटलं, "होय गो."

ती त्याच्याजवळ गेली आणि तिने दोन्ही हात वर केले.

मंडळी, क्षमा करा.

बाबल, तू बाहेर पागोळीखाली भिजत उभा आहेस. मी मघाशीच पाहिलं. ती झड तू बांधलीस, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. वहिनींना, बायच्या आईलाही माहीत आहे. इकडे येताना त्यांनीच मला सांगितलं, "बाबल भायर रवलो तर तेका आत घेवा."

आत ये बाबल. या खोलीलाही झड आहे. ती समोरची तूच सोड.

आपण सगळे उभे राहू. कुणी काही बोलू नका. पाऊस आत आला तर येऊ दे. वारा येऊ दे.