नाव बदललं होतं

भाची : अगं, पण मावशी, तुझं नाव बदललं होतं मी! कारखान्याचंही. सांगणाऱ्याची ओळख झाकायची, हे आम्हाला समाजशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकवतात.

मावशी : काय झाकलंस? ‘डावखुरी, काजं करणारी, दोरा दातानं तोडते.’ आमच्या शिवणखात्यात अशा किती जणी आहेत?

भाची : …तू.

मावशी : मीच!

भाची : सर म्हणाले, बाई डोळ्यांसमोर उभी राहते. म्हणून तर कॉलेजच्या अंकात छापलं.

मावशी : आमच्या सुपरवायझरची मुलगी तुझ्याच कॉलेजात आहे ना?

भाची : ती कॉमर्सला. आमच्या विषयाला कुत्रं विचारत नाही, मला काय माहीत ती वाचेल!

मावशी : तिच्या बापानं वाचलं. दुपारभर माझ्या मशीनपाशी उभा होता. अंक गुंडाळून हातात. नुसता बघत होता.

भाची : मग?

मावशी : मग काय, मी कात्री घेतली. उजव्या हातात. हे बघ बोट.

भाची : अगं बाई! थांब, मलम आणते.

मावशी : बस खाली. कारखान्यातल्या आगीचं कशाला लिहिलंस गं? मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, हे मी तुला जेवताना बोलले. भाची म्हणून. अभ्यासाला नव्हे.

भाची : तुमच्यातली एक मुलगी त्या आगीत गुदमरून गेली, मावशी. आणि मालक चौकशीत ठासून सांगतो, दार उघडंच होतं! कुणी लिहायचंच नाही का?

मावशी : लिहावं की. मला विचारून लिहावं.

भाची : चुकलं माझं. फार चुकलं. तू उद्या जाऊ नकोस कामाला.

मावशी : न जाऊन कसं चालेल? सुपरवायझरची खात्रीच पटेल. आणि तो चिडला असता तर बरं झालं असतं. गोड बोलत होता. मला बसायला नवी खुर्ची मागवली.

भाची : खुर्ची?

मावशी : आणि जाता जाता म्हणाला, ‘भाची एकटीच येते-जाते का हो कॉलेजला?’

(मावशी उठून खिडकी लावून घेते.)

भाची : माझं का विचारलं त्यानं?

मावशी : तेच म्हणते मी. माझं नाव तू बदललंस. तुझं?

भाची : लिहिणाऱ्याचं छापतातच, मावशी. फोटोसकट.