खाली उतरलेली माती

मोजणी कार्यालयाच्या रांगेत माझ्यापुढे दोघे चुलतभाऊ होते. धाकट्याचं शेत उतारावर, थोरल्याचं त्याच्या खाली.

"दादा, माझी माती तुझ्या शेतात आलीय. परत दे."

"मी बोलावली नव्हती. पाण्याबरोबर आली."

"माझ्याकडे नुसता खडक उरलाय. पेरू कशात?"

"तुझी माती ओळखशील?"

"सुपीक असेल ती माझी."

"बांधावरची झाडं कुणी तोडली?"

"मीच. पिकावर सावली पडायची."

"आता खडकावर छान ऊन पडत असेल."

"टोमणे नकोत. कृषी खात्याचे साहेब म्हणतात, माती धरायला बांधावर गवत लावा. तेही खडकातच लावू?"

"ने माझ्याकडून चार पाट्या माती."

"आणि परत कधी करू?"

"ती काळजी सोड. गवत लावलं नाहीस, की आपली आपण येईल."