मारणाऱ्याचं नाव

(बेंबळीतलं घर. उपकेंद्राच्या सिस्टर अस्मिता आणि गावच्या आशाताई सत्यभामा सिदूला तपासायला आल्या आहेत. सिताबाई त्याची बायको.)

अस्मिता : मग हे काकांच्या पाठीवरचे वळ कसले, मावशी?

सिताबाई : पडले आसतील.

अस्मिता : पडल्यावर असे लांबलचक वळ उठत नाहीत.

सिताबाई : मग काठीचे धरा. म्या मारलं.

सत्यभामा : अवो मावशी!

सिताबाई : कुऱ्हाड घिऊन रस्त्यानं पळालेले, सत्यभामा. त्या दिशी शेजारच्या गोरोबाचा दंड फाडला, आज मुंडकंच उडवलं आसतं. आडवी झाले, काठी घातली, तवा कुठं कुऱ्हाड सुटली हातातनं.

सत्यभामा : गोरोबा म्हणतोय, म्हाताऱ्याला साखळीनं बांधा, न्हायतर पोलिसात जातो.

अस्मिता : पण मावशी, हा एक रट्टा नाही. कुऱ्हाड सुटल्यावरही मारलंत?

सिताबाई : व्हय. हातच थांबंना माझा. लई बरं वाटत हुतं, खोटं कशाला बोलू?

सत्यभामा : सिस्टर, काका तरणे असताना ह्यांना गुरासारखं मारायचे. साऱ्या गल्लीला म्हाईत हाय.

अस्मिता : हं... स्मृतिभ्रंश झालेलं माणूस उगाच पिसाळत नाही, मावशी. कशानं तरी बिथरतं. हे कशानं बिथरतात?

सिताबाई : माझं कपाळ बघून.

अस्मिता : ही जुनी खोक?

सिताबाई : मला वळखत न्हायती. रोज इचारतेत, बाई, कुणी मारलं तुला? नाव सांग, खांडोळी करतो त्याची. म्या गप ऱ्हायले की निघाले त्याला हुडकायला. वाटंत घावंल त्यो मेला.

सत्यभामा : आन् ती खोक तर...

सिताबाई : ह्येंचीच! कुऱ्हाडीचा दांडा घातला हुता, एक बकरं चुकलं म्हणून. आन् आता मलाच इचारतेत, कुणी मारलं! अंगाची आग आग हुती, सिस्टर. एक दिवस म्याच जीव घीन ह्येंचा.

अस्मिता : म्हणूनच आम्ही आलोय. कुऱ्हाड आणि काठी, दोन्ही सत्यभामाताई घेऊन जातील. डॉक्टरांशी बोललेय, गुरुवारी तपासून औषध देतील. तुम्ही पदर कपाळावर ओढून घेत जा.

सिताबाई : आन् माझ्या पोटातला जाळ? त्यो कुठं ठिवू?

सत्यभामा : माझ्याजवळ बोला. रोज दिवेलागणीला येते म्या. शिव्या द्या, रडा, मला काय बी म्हणा.

सिदू : ए बाई! हिकडं बघ. कपाळ फोडलंय की गं कुणी तुझं!

अस्मिता : मावशी, पदर घ्या.

सिताबाई : न्हाय. आज न्हाय झाकायची.

सिदू : नाव सांग भाड्याचं! जित्ता गाडतो!

सिताबाई : सिदू.

सत्यभामा : मावशी! जल्मात पयल्यांदा नाव घेतलं तुमी.

सिताबाई : सिदू! सिदू! सिदूनं फोडलं!

सिदू : कुठला गं त्यो?

सिताबाई : हितलाच.

सिदू : आपल्या वळखीचा न्हाय. पर तू भिऊ नगंस. आला तर दार उघडायचं न्हाय. म्या हाय हितं.

सिताबाई : ...लावलंय दार. बसा तुमी. म्या बी बसते.