कोऱ्या कागदावरच्या सह्या

लिवून घ्या, मी मूळची गोंदियाची. बाबा रेल्वेत, आमी पाच भावंडं, अन् मी मधातली, म्हणजे ना लाडाची ना कामाची असं आई म्हणे. लग्न होऊन रायपूरले आली, तात्यापाऱ्यात. पारा म्हणजे इकडं मोहल्ला. सासरचे सांगत का आमी भोसल्यायच्या फौजेसंगं इकडं आलो अन् मंग राहूनच गेलो. आता फौज कुठं अन् भोसले कुठं, पण घरात मराठी टिकली होती हे खरं. आता मी पोट्टीले विचारते, जेवली का गं, तर ते म्हणते, हाँ मम्मी, खा लिया. समजते सगळं, बोलत नाही.

तर सांगत होती काय, का वीस वरीस मी आंगनवाडी चालवली. आमी बालवाडीच म्हणतो. तलावाच्या काठी एक खोली अन् समोर ओटा, बस. मी अन् बिसाहिन. बिसाहिन म्हणजे माही मदतनीस, छत्तीसगढी बाई, पोरायचा भात-डाळ तेच रांधे. पावसाळ्यात छत गळे, तर आमी दोघींनी हापिसात चकरा मारू मारू नवं छत टाकून घेतलं, अन् दर दिवाळीले चुना आमीच मारला, पदर खोचून. अर्ध्या पाऱ्यानं अ आ तिथंच गिरवलं हो.

मंग छत्तीसगढ राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली अन् जमिनीले सोन्याचा भाव आला. तेलीबांध्याकडं जिथं आमी कधी गेलो नाही तिथं हापिसं काय, बंगले काय! त्याच दिवसात आमचा वॉर्ड बायकायसाठी राखीव झाला. लोक म्हणाले, दीदी, तुम्हीच उभ्या राहा. मी राजीनामा देल्ला, उभी राहिली अन् पार्षद, तुमच्या मराठीत नगरसेविका, म्हणून निवडून आली. काय सांगू तुम्हाले, गुलाल उधळला तो आमच्या यायच्यावर! हार बी त्यायलेच. हे म्हणजे माहे मालक, रेल्वेच्या हापिसातून रिटायर झालेले, बोलाय-चालायले हुशार, अक्षर मोत्यासारखं. मी बाजूले उभी राहून हसून राहिली होती. खोटं कायले बोलू, मले तवा वाईट नाही वाटलं. फोन यायचा, पार्षदजी हैं क्या? मी म्हणायची, हव, बोल रही हूँ. तर म्हणे, नहीं भाभी, भैया को दीजिए न.

अन् सह्या! सकाळी पूजा आटोपली का हे लेटरपॅड समोर ठेवत, कोरं, अन् मी कणीक मळायच्या आधी पंचवीस सह्या करून मोकळी. कोणाले रहिवासाचा दाखला पाह्यजे, कोणाले राशन कार्ड, मजकूर हे मंग लिवत. आमच्यासारख्या निवडून आलेल्या बहुतेक बाया तसंच करत. आमाले वाटे, असंच असते.

आता एक तारखेचं ऐका. आमच्या वॉर्डाची रीत अशी का नव्या वर्षाच्या पयल्या दिवशी सकाळी सामुदायिक भवनात सगळे जमतात, पोहा-जलेबी होते, अन् पार्षदानं उभं राहून वर्षभरात काय काय करणार ते वाचून दाखवाचं. कागद यायनंच लिवला होता, हिंदीत. मी तो घरून वाचून नाही आली. काहून वाचू, त्यायचं अक्षर, त्यायचं डोकं, आजवर कधी चुकलं नव्हतं. पयला मुद्दा नाली, टाळ्या. दुसरा खंब्यावरचे दिवे, टाळ्या. बोरिंग, टाळ्या. तलावाचा घाट, टाळ्या. अन् पाचवा मुद्दा मी तश्याच आवाजात वाचत गेली, का तालाब किनारे का जर्जर आंगनबाड़ी भवन हटाकर वहाँ व्यावसायिक परिसर बनाया जाएगा. टाळ्या.

तोंडानं वाचून झालं, मंग डोक्यात गेलं. जर्जर? माही बालवाडी जर्जर? पाडून तिथं दुकानं? मले वाटलं मी चुकीचा कागद घेऊन आली. पुन्हा पाह्यलं, तेच लिवलेलं. मागं पोह्याच्या गंजापाशी बिसाहिन उभी होती. ते तिथूनच मोठ्यानं म्हणाली, दीदी, लइका मन कहाँ बइठहीं? पोरं कुठं बसतील, एवढंच. मी माइकवरच मराठीत बोलून गेली, अहो, हे काय लिवलं तुम्ही? हे पयल्या रांगेत बसले होते, हसून म्हणाले, पढ़ो, पढ़ो, आगे पढ़ो.

घरी आल्यावर मी म्हटलं, मले न विचारता? तर हे म्हणाले, विचारायचं काय त्यात, तुह्या सहीचं पत्र तर केव्हाच हापिसात गेलं. नक्कल दाखवली. सही माहीच! कोणत्या सकाळची ते मले काय ठाऊक. हे वाईट माणूस नाहीत, तसं नका लिवू. म्हणाले, बाहेरचे येऊन दुकानं घालून राहिले, आपल्या पाऱ्यातले पोट्टे काय नुसते पाहत बसतील का? अन् तू आता बालवाडीवाली नाहीस, पार्षद आहेस. मी म्हटलं, बालवाडीवाली होती म्हणून तर पार्षद झाली!

तिसऱ्या दिवशी मी माह्या हातानं पत्र लिवलं, माहं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण लिवलं, का आधीचं पत्र रद्द समजा. अन् हापिसात गेली. कोणतं हापिस ते नका लिवू. बाबूनं कागद वाचला, मले बसाले खुर्ची देल्ली, चहा मागवला अन् अदबीनं म्हणते कसा, मैडम, एक बार भैया का फोन आ जाता तो अच्छा रहता. मी म्हटलं, पार्षद तर मी आहो, समोर बसली आहो! तो म्हणे, वो तो है, मैडम. अन् माह्यासमोर त्यानंच फोन लावला. माहा कागद यायले वाचून दाखवला. तिकडून हे म्हणाले, जैसा मैडम बोल रही हैं, वैसा करो. खट्‌कन शिक्का बसला.

बालवाडी वाचली. घरी येऊन मी पाटावर बसून रडली. हे म्हणाले, आता काहून रडते, झालं न तुह्या मनासारखं? कसं सांगू त्यायले! कागद माहा, अक्षर माहं, सही माही, अन् खोली उभी राहिली ते त्यायच्या एका फोननं. मी निवडून आली होती का नाही, हेच मले त्या दिवशी समजेना. अजूनही कधी कधी समजत नाही.

आता मी सकाळी बालवाडीच्याच ओट्यावर खुर्ची टाकून बसते. ज्याले कागद पाह्यजे त्यानं तिथं यावं, तोंडानं सांगावं, मी लिवते, वेळ लागते, लोक कुरकुरतात. काही अजून घरीच जातात, भैयाकडं. जाऊ द्या. परवा पुन्हा एक तारीख आहे. काय बोलणार म्हणता? नाली होईल का, दिवे लागतील का, मले मालूम नाही. पोरं बसतील तिथंच, एवढं मी सांगणार, अन् कोणी विचारलंच का भैया काय म्हणतात, तर म्हणणार, त्यायले विचारा, पण मत तुम्ही मले देल्लं होतं. सगळ्यायले सुखाचं जावो वर्ष, तुम्हालेही. पण हे जे तुम्ही लिवून घेऊन राहिले न, ते पूर्ण झालं का मले आणून द्या. चष्मा लावून पयल्या ओळीपासून शेवटापर्यंत वाचीन, मंगच छापा.